काकांची इकोस्पोर्ट घ्यायची का? नुसत्या ३८ हजार किलोमीटरवर जाऊ नका

पत्र नाशिकहून आलंय. लिहिणाऱ्या ताई शाळेत शिकवतात, घरात नवरा, दुसरीतली मुलगी आणि गुडघ्यांनी त्रस्त सासूबाई. पहिलीच गाडी घ्यायचीय. नवऱ्याचे सख्खे काका त्यांची २०१५ ची फोर्ड इकोस्पोर्ट, १.० इकोबूस्ट पेट्रोल, घरच्या भावात म्हणजे साडेतीन लाखांत द्यायला तयार आहेत. गाडी फक्त ३८ हजार किमी चाललीय, एकहाती आहे, बाहेरून चकचकीत आहे. ताईंनी मात्र या इंजिनच्या बेल्टबद्दल आणि टर्बोबद्दल (इंजिनच्या धुराच्या जोरावर फिरून आत जादा हवा ढकलणारा पंखा) बरंच उलटसुलट वाचलंय आणि त्यांना मेकॅनिककडून गाडी बघून घ्यायचीय. नवरा म्हणतो, घरच्या माणसाच्या गाडीला मेकॅनिक नेला तर काकांना काय वाटेल. शाळा घरापासून चार किमी, महिन्यातून एकदा घाटरस्त्याने गावी जाणं. घ्यावी का, टर्बो किती वर्षं टिकतो, आणि काकांशी बोलायचं कसं, असे तीन प्रश्न आहेत.

ताई, तुम्ही पत्रात अगदी शेवटी जाता जाता एक वाक्य लिहिलंय, की काका रिटायर झाल्यापासून गाडी भाजी, मंदिर आणि नातवाचा क्लास एवढ्यालाच बाहेर निघते. तुमच्या दृष्टीने ही गाडीची जमेची बाजू आहे. मला मात्र तुमच्या अख्ख्या पत्रात काळजीची जागा हीच वाटली, म्हणून तिथूनच सुरू करतो.

या इंजिनमध्ये टायमिंग बेल्ट, म्हणजे वाल्व आणि पिस्टन यांची वेळ जुळवून ठेवणारा पट्टा, रबराचा आहे आणि तो इंजिन ऑइलमध्ये भिजत चालतो. जुन्या गाड्यांत बेल्ट बाहेर कोरडा असायचा, नाहीतर सरळ लोखंडी चेन असायची. फोर्डने इथे बेल्ट आत घेतला कारण घर्षण कमी होतं, आवाज कमी येतो, मायलेज थोडं सुधारतं. कल्पना वाईट नव्हती, या इंजिनला २०१२, १३ आणि १४ अशी सलग तीन वर्षं इंटरनॅशनल इंजिन ऑफ द इयर मिळालंय, ९९९ सीसीतून १२५ पीएस काढणं म्हणजे चेष्टा नाही. आणि आपल्याकडे त्याला आणखी एक कारण होतं, तेव्हा चार मीटरच्या आतली गाडी आणि १२०० सीसीच्या आतलं पेट्रोल इंजिन असेल तर एक्साइज कमी लागायची, त्यामुळे छोटं टर्बो इंजिन त्यात चपखल बसलं.

पण तेलात बुडालेल्या रबराचं आयुष्य त्या तेलावर अवलंबून असतं. तेल योग्य ग्रेडचं असेल, वेळेवर बदललं असेल तर बेल्ट व्यवस्थित चालतो. तेल भलतंच टाकलं किंवा जुनं झालं की रबर मऊ पडतं, कडा झिजतात, बारीक बारीक कण सुटायला लागतात. आता थंड इंजिन चालू केलं, तीन-चार किमी जाऊन बंद केलं, परत संध्याकाळी तसंच, असं रोज झालं की काय होतं, इंजिन पुरतं गरम होतच नाही आणि थोडं थोडं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलमध्ये उतरत राहतं. लांब चाललात तर ते उडून जातं, छोट्या फेऱ्यांत साठत जातं. डायरेक्ट इंजेक्शनच्या, म्हणजे पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारणाऱ्या, टर्बो इंजिनांत हा प्रकार जास्त, आणि पेट्रोल मिसळलेलं ऑइल या बेल्टच्या रबराला सगळ्यात वाईट. म्हणजे हायवेवर ९० हजार चाललेली, दरवर्षी ऑइल बदललेली हीच गाडी तुमच्या ३८ हजारवालीपेक्षा बेल्टच्या बाबतीत धडधाकट निघू शकते. कमी किलोमीटर म्हणजे चांगलं इंजिन हे गणित आपण साध्या गाड्यांवरून शिकलोय, ते इथे तसंच्या तसं लावू नका.

बेल्ट तुटला तर वाल्व आणि पिस्टन एकमेकांवर आदळतात आणि इंजिनचं काम निघतं, हे तुम्ही वाचलंच आहे. पण तुटायच्या कितीतरी आधी त्रास सुरू होतो आणि तो फार कमी लोकांना माहीत असतो. ते सुटलेले रबराचे कण ऑइलबरोबर खाली चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनच्या तळाशी ऑइल साठतं त्या भांड्यात, जातात, तिथे ऑइल पंप ज्या नळीतून तेल ओढतो तिच्या तोंडाला जाळी असते, हे कण त्या जाळीवर बसतात. चेंबर खाली घेऊन जाळी उलटी करून बघितली की खराब गाडीत काळा, चहाच्या चोथ्यासारखा थर दिसतो, बोटाने चोळला तर रबरासारखा लागतो, कधी त्यात बारीक धागेपण असतात. जाळी बंद होत गेली की ऑइलचं प्रेशर पडतं. आणि प्रेशर पडलं की पहिला बळी टर्बोचा जातो, कारण त्याचा दांडा मिनिटाला दोन लाखांच्या वर फेरे घेत ऑइलच्या पातळ थरावरच तरंगत असतो.

म्हणून तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं, टर्बो किती वर्षं टिकतो याचं, वर्षांत उत्तर देता येणार नाही. बहुतेक वेळा टर्बो आपणहून जात नाही, तो ऑइलअभावी जातो. स्वच्छ ऑइल मिळत राहिलं तर तो इंजिनच्या बरोबरीने चालू शकतो. टर्बो आहे म्हणून गाडी नको असं तुम्हाला कुणी सांगितलं असेल तर ते सोडून द्या. या इंजिनला तीनच सिलिंडर आहेत म्हणून ते कमजोर, हेही सोडा.

फोर्डने युरोपात या बेल्टला सुरुवातीला १० वर्षं किंवा सुमारे २ लाख ४० हजार किमी अशी मुदत दिली होती, यातलं जे आधी होईल ते. किमीकडे बघू नका, वर्षांकडे बघा. २०१५ ची गाडी, म्हणजे मुदत झालीच. बेल्ट दिसायला चांगला असला तरी तो बदलायचा आहे असं धरूनच हिशेब करा. हा फक्त जुन्या मॉडेलचा किंवा एकट्या फोर्डचा प्रश्न आहे असंही नाही. अमेरिकेत डिसेंबर २०२३ मध्ये फोर्डने १.० इंजिनच्या २०१६ ते १८ च्या फोकस आणि २०१८ ते २२ च्या इकोस्पोर्ट मिळून सुमारे १ लाख ३९ हजार गाड्या परत बोलावल्या, तिथे दोष ऑइल पंप चालवणाऱ्या बेल्टच्या टेन्शनरचा होता, आणि अमेरिकेत विकलेल्या या इकोस्पोर्ट आपल्या चेन्नईच्या कारखान्यातूनच जायच्या. युरोपात प्यूजो-सिट्रोएनच्या १.२ प्यूअरटेक इंजिनात पण तेलातला बेल्ट, त्यांच्या कंपनीला शेवटी १० वर्षं किंवा १ लाख ७५ हजार किमीपर्यंत वॉरंटी वाढवून द्यावी लागली. हे तुम्हाला घाबरवायला सांगत नाहीये. काकांनी गाडी वाईट वापरली म्हणून बेल्टचा विषय निघालाय असं काही नाही, हे तुमच्या मनात पक्कं असू दे म्हणून सांगतोय. कारण आता काकांशी बोलायचंय.

तुमचे मिस्टर म्हणतात की मेकॅनिक नेला तर तो अविश्वास होईल. यात एक गोष्ट गृहीत धरलीय, की गाडीत काही दोष असेल तर तो काकांना माहीत आहे आणि ते लपवतायत. माझी खात्री आहे की काकांना यातलं काहीच माहीत नाही. त्यांनी गाडी धुतली, पुसली, कव्हर घातलं, सर्व्हिसिंगला दिली, मुलासारखी सांभाळली, आणि तरी जाळीवर काय बसलंय ते त्यांना दिसायचा काही मार्गच नाही. तपासणी काकांच्या शब्दाची नाहीये, बंद डब्यातल्या एका रबरी पट्ट्याची आहे. आणि दुसरी बाजूपण बघा. न तपासता घेतली आणि सहा महिन्यांनी घाटात ऑइलचा लाल दिवा लागला, इंजिन उतरवायची वेळ आली, तर तुम्ही काही बोलणार नाही, काकाही काही बोलणार नाहीत, आणि पुढच्या प्रत्येक लग्नकार्यात तो विषय मध्ये बसलेला असेल. वाईटपणा टाळायचा असेल तर तो आताच टळतोय.

बोलायचं कुणी? मिस्टरांनी बोलावं, पण मी तुमच्या जागी असतो तर सासूबाईंना पुढे केलं असतं. त्या काकांच्या वहिनी आहेत, दिराला चार शब्द सरळ सांगायचा त्यांचा अधिकार आहे आणि त्यांच्या बोलण्याचा राग धरला जात नाही. साधारण असं काहीतरी, की "भाऊजी, गाडी तुमची आहे म्हणून आम्हाला दुसरीकडे बघायचंच नाहीये, पण या इंजिनच्या बेल्टला दहा वर्षांची मुदत असते म्हणे आणि ती झालीय, तर पोरं एकदा खालून उघडून बघून घेतील, खर्च ते करतील, तुम्ही पण चला सोबत." सोबत चला हे नक्की म्हणा. काका स्वतः लिफ्टखाली उभे राहून जाळी बघतील तेव्हा काय निघालं आणि भाव किती कमी करायचा यावर तुम्हाला वाद घालावा लागणार नाही. फक्त हे बोलणं चारचौघांत किंवा जेवणाच्या पंगतीत काढू नका.

त्याच्याआधी, फोनवरच, सर्व्हिसची बिलं मागा. फाइल आहे का असं विचारू नका, फाइल असतेच, बिलांवर काय लिहिलंय ते बघायचंय. दोन गोष्टी बघा. एक, ऑइल दरवर्षी बदललंय का. किमी कमी होतात म्हणून दोन दोन वर्षं ऑइल तसंच ठेवणारे खूप जण असतात आणि रिटायर्ड माणसांच्या गाड्यांत हे हमखास सापडतं. दुसरं, ऑइलचा ग्रेड. या इंजिनला ५डब्ल्यू-२० लागतं आणि तेही फोर्डच्या डब्ल्यूएसएस-एम२सी९४८-बी या स्पेसिफिकेशनचं. वॉरंटी संपल्यावर बाहेरच्या गॅरेजला गेली असेल तर तिथे जे ड्रममध्ये असेल ते ओतलेलं असू शकतं, चांगल्या भावनेने, थोडं जाड ऑइल म्हणजे इंजिनला चांगलं असं समजून. बिल हरवलं असेल तर अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये काकांनी गाडीचा नंबर दिला की तिथे झालेल्या कामाची नोंद काढून मिळते, फोर्डने २०२१ मध्ये इथलं उत्पादन थांबवायचं जाहीर केलं तरी सर्व्हिस आणि पार्ट चालू ठेवलेत. त्याच चकरेत रिकॉलची काही कामं राहिलीत का तेही विचारून घ्या.

आता गाडी बघायला जाल तेव्हा. सकाळी लवकर जा आणि काकांना आदल्या दिवशी सांगून ठेवा की आम्ही येईपर्यंत चालू करू नका, कारण गरम इंजिन बरंच काही लपवतं. बॉनेटवर हात ठेवा, थंडगार लागलं पाहिजे. डिपस्टिक काढून वास घ्या, पेट्रोलचा उग्र वास आला किंवा ऑइल लेव्हल खुणेच्या वर असेल तर छोट्या फेऱ्यांचा जो प्रकार मी सांगितला तोच झालाय असं समजा. मग स्टार्ट. पहिले काही सेकंद खडखड, अडखळणं, एक सिलिंडर मिस होतोय असा धक्का, यातलं काही आहे का ऐका. डायरेक्ट इंजेक्शन असल्याने पेट्रोल इनटेक वाल्ववरून जातच नाही, त्यामुळे ते धुतले जात नाहीत आणि त्यांच्यावर कार्बन साठतो, इंजिन थंड असताना त्याची खूण सुरुवातीच्या अडखळण्यातून मिळते. प्लग किंवा कॉइल खराब असेल तरी असंच होतं, ते काम त्यामानाने स्वस्तात होतं. चेक इंजिनचा दिवा चावी फिरवल्यावर लागतो आणि नंतर विझतो ना तेही बघा, मुळात लागलाच नाही तर ते जास्त संशयास्पद.

कूलंटकडे, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या रंगीत पाण्याकडे, मी बेल्टच्या खालोखाल लक्ष देईन. युरोपात या इंजिनच्या सुरुवातीच्या गाड्यांत कूलंटचा एक बारीक नायलॉनचा पाइप उष्णतेने ठिसूळ होऊन तडकायचा, पाणी हळूहळू निघून जायचं आणि हेडपर्यंत नुकसान व्हायचं. कूलंटच्या टाकीत साधं पाणी घालून रंग फिका झालाय का, पाइपांच्या जोडांवर वाळलेले पांढरट किंवा गुलाबी डाग आहेत का, हे टॉर्च लावून बघा. काका म्हणाले की अधूनमधून थोडं पाणी घालावं लागतं, एवढंच, तर तिथे थांबा. ते एवढंच नाहीये. प्रेशर टेस्ट करून घ्या.

चालवताना तिसऱ्या गिअरमध्ये दीड हजार आरपीएमपासून पूर्ण दाबा, ओढ एकसारखी यायला हवी. मध्येच फुसफुस आवाज येऊन पिकअप पडला तर टर्बोची हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरचा होज सुटलाय किंवा फाटलाय, निळसर धूर दिसला तर टर्बो किंवा इंजिन ऑइल खातंय. बाकी खालून खटखट म्हणजे सस्पेन्शनमधले लोअर आर्मचे बुश आणि लिंक रॉड, मागच्या दारावर स्टेपनीचं वजन असल्याने बिजागऱ्या सैल होऊन खुळखुळ, सिग्नलला थांबल्यावर सीटपर्यंत येणारी थरथर म्हणजे इंजिन माउंटिंग, ही सगळी वयाची दुखणी आहेत, भाव कमी करायला वापरा पण त्यांच्यासाठी गाडी सोडू नका. पॉवरशिफ्ट ऑटोमॅटिकच्या गिअरबॉक्सबद्दल तुम्ही जे वाचलं असेल ते तुम्हाला लागू नाही, इकोबूस्ट आपल्याकडे मॅन्युअलच आली.

यातून पार पडली की मग चेंबर. वेट बेल्टचं, म्हणजे अशा तेलात चालणाऱ्या बेल्टचं, काम आधी केलेलाच मेकॅनिक शोधा. कुठलाही हुशार मेकॅनिक चालेल असं नाही, कारण या इंजिनचं टायमिंग लावायला ठरावीक लॉकिंग टूल लागतात, क्रँक पुलीला चावी-खाच नसते, म्हणजे ती आपोआप योग्य जागी बसत नाही, अंदाजाने लावलं तर तिथेच वाट लागते. तुमच्या भागात टूल असलेला कुणी नसेल तर गाडी न घ्यायला तेवढं एक कारण पुरेसं आहे. जाळी स्वच्छ निघाली तर उत्तम, ऑइल प्रेशर गेज लावून मोजून घ्या आणि बेल्ट बदलायचं लेखी कोटेशन घ्या, ते पूर्ण साडेतीन लाखांतून वजा करून काकांसमोर ठेवा. जाळीवर थोडे कण निघाले तर बेल्ट, ऑइल पंपचा बेल्ट, जाळी, टर्बोच्या ऑइल लाइनची सफाई हे सगळं धरून वजाबाकी. आणि थर निघाला, प्रेशरपण कमी आलं, तर गाडी घेऊ नका. तिथे भाव कितीही उतरला तरी घेऊ नका, पण काकांना ते दाखवा, त्यांना निदान पुढे गाडी चालवायची की नाही ते कळेल.

काका तपासणीला नाहीच म्हणाले तर? मग माझं उत्तर नको असं आहे. दुसरी कुठली साधी गाडी असती तर मी एवढा हट्ट धरला नसता.

आता तुमच्या वापराकडे येतो, कारण हे तुम्ही विचारलेलं नाही आणि विचारायला हवं होतं. चार किमीची शाळा, रोज दोनदा. म्हणजे काकांनी जसं वापरलं तसंच तुम्ही वापरणार, नवीन बेल्टलाही तेच पेट्रोलमिश्रित ऑइल मिळणार. पत्रात तुमच्या स्कूटीचा उल्लेख आहे, ती विकून गाडीत पैसे घालायचा विचार आहे असं दिसतं. ती विकू नका. शाळेला स्कूटीच न्या, पावसाळ्यात गाडी काढाल तेव्हा काढाल, आणि दर आठवड्याला एकदा तरी गाडी अर्धा-पाऊण तास सलग चालेल असं बघा. महिन्याची गावाची फेरी या इंजिनला मानवणारी आहे, घाटात १७० एनएमचा टॉर्क मिळतो तेव्हा मजा येते आणि सासूबाईंना उंच सीटवर वाकून बसावं लागत नाही, या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, मी त्या कमी लेखत नाहीये. पण हे स्कूटीचं जमणारच नसेल, रोज गाडीच न्यायची असेल, तर टर्बो नसलेलं साधं पेट्रोल इंजिन तुम्हाला जास्त सुखाचं जाईल.

इकोस्पोर्टच हवी असेल तर २०१३ ते १७ मधली १.५ पेट्रोल चार सिलिंडरवाली मॅन्युअल बघा, तिचा बेल्ट बाहेर कोरडा असतो, ताकद थोडी कमी पण वापरायला निर्धास्त. एक मात्र लक्षात ठेवा, नोव्हेंबर २०१७ च्या फेसलिफ्टपासून आलेल्या १.५ तीन सिलिंडर ड्रॅगन इंजिनला टर्बो नाही पण बेल्ट तेलातच आहे, त्यामुळे टर्बो नाही म्हणजे चिंता नाही असं समजून तिकडे वळू नका. ह्युंदाई व्हेन्यूच्या १.० टर्बोला चेन आहे, पण ती २०१९ नंतरची, तुमच्या बजेटात चांगली मिळणं कठीण.

कागदपत्रांचं थोडक्यात. घरातल्या घरात गाडी घेतली की नावावर करायचं पुढे ढकललं जातं, ते करू नका. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या पैसे देताना त्याच दिवशी घ्या, कारण अपघात झाला तर जबाबदारी आरसीवर ज्याचं नाव त्याच्यावर येते, म्हणजे काकांवर. आधी कर्ज होतं का आणि चलन बाकी आहेत का ते बघा. इन्शुरन्स १४ दिवसांच्या आत तुमच्या नावावर करायला अर्ज द्या, नो क्लेम बोनस काकांचा असतो, तो तुम्हाला मिळणार नाही, त्यामुळे प्रीमियम वाढेल. आणि २०१५ ची आरसी २०३० ला संपते, पुढे पाच पाच वर्षांनी नूतनीकरण आणि महाराष्ट्रात पर्यावरण कर, तेव्हा ही गाडी दहा वर्षांसाठी घेतोय असं मनात धरू नका.

घेतलीच तर पुढचं असं. बेल्टच्या कामासोबत नवीन ऑइल पडेलच, पुढे वर्षाची वाट न बघता दर सहा महिन्यांनी किंवा पाच हजार किमीला ऑइल बदला, चार लिटरच्या आसपास लागतं, डबे स्वतः विकत आणा आणि समोर उभं राहून ओतून घ्या. पंपावर आता ई-२० म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं आणि ही गाडी त्याच्या आधीची आहे, मायलेज थोडं पडेल, पेट्रोलच्या रबरी नळ्या दर सर्व्हिसिंगला बघायला सांगा. घाट चढून धाब्यावर थांबलात तर लगेच बंद न करता एखाद मिनिट तशीच चालू ठेवा. आणि मिस्टरांना, चालवणाऱ्या प्रत्येकाला, हे पाठ करून ठेवायला सांगा, ऑइलचा लाल दिवा लागला की जिथे आहात तिथे बाजूला घेऊन इंजिन बंद करायचं, पुढच्या गॅरेजपर्यंत नेऊ असं म्हणायचं नाही, टोइंगवाल्याला बोलवायचं.

काकांकडची बिलं मिळाली की ऑइलची ओळ नीट दिसेल असे फोटो काढून पाठवा, नाव-नंबर झाकून. ग्रेड कुठला टाकलाय आणि मध्ये किती गॅप गेलाय ते बघून चेंबर उघडण्याइतका खर्च करायचा का, ते मी सांगतो.